सुंठीवाचून खोकला

१९५२ सालचा नोव्हेंबर. इस्रायलचे पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन एका पत्राच्या उत्तराची वाट पाहत होते आणि मनातून त्या उत्तराला घाबरतही होते. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष खाइम वाइझमन ९ तारखेला वारले होते. वाइझमन मूळचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांच्या जागी जगातला सर्वांत मोठा ज्यू शास्त्रज्ञ यावा, असं एका वृत्तपत्राने सुचवलं आणि बघता बघता ती लोकांची मागणी झाली. मागणीच अशी, की पंतप्रधानांना ती टाळता येईना. वॉशिंग्टनमधले राजदूत अब्बा एबान यांच्यामार्फत अल्बर्ट आइन्स्टाइन यांना रीतसर विचारणा झाली.

आइन्स्टाइन तेव्हा ७३ वर्षांचे होते. प्रिन्स्टनमध्ये मर्सर स्ट्रीटवरच्या घरात राहत आणि आयुष्यभर चाललेलं गणित पुढे नेत. कुणकुण लागताच त्यांनी एबान यांना फोन करून सांगितलं, की हे आपल्याला जमणारं नाही. एबान यांची अडचण झाली. फोनवरचा नकार सरकारला कसा कळवायचा? आधी प्रस्ताव द्यायला हवा, मग तो नाकारला जायला हवा. तेव्हा १७ नोव्हेंबरचं पत्र निघालं. इस्रायलला येऊन राहावं लागेल, नागरिकत्व घ्यावं लागेल, संशोधनाला मात्र पूर्ण मोकळीक राहील, असं त्यात लिहिलं होतं. आइन्स्टाइन यांनी लगेच उत्तर पाठवलं. आपण भारावून गेलो आहोत, हे पद स्वीकारता येत नाही याचं दुःख आणि संकोचही वाटतो. पण सगळं आयुष्य वस्तुनिष्ठ गोष्टींच्या मागे गेलं, माणसांशी व्यवहार करायची आणि अधिकारपद सांभाळायची उपजत हातोटी आणि अनुभव आपल्यापाशी नाही, असा त्या उत्तराचा आशय होता.

उत्तर यायच्या आधी बेन-गुरियन यांनी आपले सहायक यित्झाक नवोन यांना विचारलं होतं, की हा माणूस ‘हो’ म्हणाला तर काय करायचं? विचारल्यावाचून गत्यंतर नव्हतं म्हणून विचारलं, पण त्यांनी स्वीकारलंच तर आपण अडचणीत येऊ, असं त्यांचं म्हणणं होतं. नकार आला आणि दोघंही सुटले. ज्याला पद नको होतं तो सुटला, आणि ज्याला तो माणूस त्या पदावर नको होता तोही सुटला. मधल्या काळात अतिशय आदराने, अतिशय गंभीरपणे, दोघांनाही नको असलेली गोष्ट पुढे रेटली गेली होती.

मराठीत या प्रसंगासाठी नेमकी म्हण आहे: सुंठीवाचून खोकला गेला. औषध घ्यावं लागलं नाही, चाटण उगाळावं लागलं नाही, दुखणं आपोआप गेलं. ब्याद टळली, गळ्यातलं घोंगडं गेलं, सुटलो एकदाचे, हायसं वाटलं, असे शब्द आपण दिवसातून चारदा वापरतो. पण यातला एक विशिष्ट प्रकार आहे, ज्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. जी गोष्ट जग ‘संधी’ म्हणून ओळखतं, जिच्यासाठी आपण स्वतः रांगेत उभे होतो, ती हुकते आणि दुःख व्हायच्या ऐवजी छातीवरचं ओझं उतरतं. माणूस गोंधळतो. आपण हरलो ना? मग असं मोकळं का वाटतंय?

सुटकेच्या त्या क्षणी शरीर काय करतं, ते आधी पाहू. आपण ‘हुश्श’ म्हणतो तो नुसता शब्द नाही, तो श्वास आहे. माणूस साधारण दर पाच मिनिटांनी नकळत एक मोठा श्वास घेतो. फुप्फुसांत जे कोट्यवधी बारीक वायुकोश असतात, त्यांतले काही हळूहळू मिटत जातात आणि हा एक खोल श्वास ते पुन्हा उघडतो. हे झालं यंत्र. बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांनी ताणाच्या आणि सुटकेच्या प्रसंगी माणसं किती सुस्कारे टाकतात हे मोजलं, तेव्हा सुटकेच्या वेळी सुस्कारे वाढलेले दिसले. ताणात श्वासाची लय बिघडते आणि सुस्कारा ती पुन्हा जागेवर आणतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे ‘हुश्श’ हे विचार करून काढलेलं मत नव्हे. ते मताच्या आधी येतं. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढचा सगळा गुंता तिथूनच सुटतो.

सुटकेचं मानसशास्त्र तसं नवं आहे. दुःख, राग, भीती यांवर ढीगभर काम झालं, सुटकेला मात्र उशिरा जागा मिळाली. २०१२ मध्ये केट स्वीनी आणि कॅथलीन व्होज या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी सुटकेचे दोन प्रकार वेगळे केले. एक सुटका काम संपल्याची: परीक्षेचा शेवटचा पेपर टाकून बाहेर पडल्यावर वाटते ती. दुसरी सुटका संकट टळल्याची. प्रयोग साधा होता. सहभागी झालेल्यांना सांगण्यात आलं, की तुम्हाला एक गाणं म्हणायचंय आणि ते ध्वनिमुद्रित होणार आहे. काहींना ते खरोखर म्हणावं लागलं. काहींची ऐन वेळी सुटका झाली. दोघांनाही हायसं वाटलं, पण दोन्ही हायसं वाटणं सारखं नव्हतं. ज्यांना गाणं म्हणावं लागलं नाही, त्यांच्या डोक्यात ‘म्हणावं लागलं असतं तर’ हे घोळत राहिलं, आणि त्यांना इतरांपेक्षा जास्त एकटं वाटलं.

एकटं का वाटावं? याचं उत्तर शोधायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. सरकारी बँकेच्या एखाद्या शाखेत बढतीची यादी लागते त्या दुपारी जावं. क्लार्कचा ऑफिसर होणं म्हणजे पगार वाढणं, मान वाढणं, आणि बहुतेक वेळा बदली होणं. कुणाचे वडील अंथरुणाला खिळलेले असतात, कुणाची मुलगी दहावीला असते, कुणाचं घर नुकतंच बांधून झालेलं असतं आणि हप्ते चालू असतात. तरी अर्ज भरलेला असतो, कारण बरोबरीच्या सगळ्यांनी भरला आणि साहेब दोनदा म्हणाले. यादीत नाव नसतं. टेबलापाशी एकेक जण येतो, पाठीवर हात ठेवतो, ‘पुढच्या वेळी नक्की’ म्हणतो. त्या माणसाला चेहरा पडलेला ठेवावा लागतो. आतून त्याला वाटत असतं, की आज घरी जाताना जिलबी न्यावी. हे तो कुणाला सांगणार? बायकोलाही सांगायला दोन दिवस लागतात, आणि तेव्हा कळतं की तिनेही नवस बोलायचा तेवढा बाकी ठेवला होता.

केंद्र सरकारच्या नोकरीत बढती नाकारायची सोय आहे, पण ती फुकट नाही. नकार दिला की एक वर्ष पुन्हा विचार होत नाही. मधल्या काळात खालचा माणूस वर गेला तर वरच्या पदावरची सेवाज्येष्ठता त्याची होते. दहा, वीस आणि तीस वर्षांच्या सेवेनंतर जी आपोआप वेतनवाढीची पायरी मिळते, तिच्यावरही आधी दिलेल्या नकाराचा परिणाम होतो. म्हणजे ‘नको’ म्हणायची किंमत आहे आणि ती कागदावर लिहिलेली आहे. ‘मिळालं नाही’ याची मात्र तशी किंमत नाही. बढती न मिळालेल्या माणसाच्या सेवापुस्तकात नकार त्याच्या नावावर लागत नाही. सुंठीवाचून खोकला जाण्याचं मोल इथे अगदी हिशेबात दिसतं.

आता मूळ प्रश्न. नको असलेल्या गोष्टीच्या रांगेत माणूस उभाच का राहतो?

याचं सर्वांत सुंदर उत्तर टेक्सासमधल्या एका रविवार दुपारच्या गोष्टीत सापडतं. जेरी हार्वी हे व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी १९७४ मध्ये लिहिलेला एक लेख आजही वर्गांतून शिकवला जातो. कोलमन नावाच्या लहानशा गावात ते सासुरवाडीला गेले होते. जुलैची दुपार, पारा ४० अंशांवर. मागच्या पडवीत पंखा फिरतोय, थंड लिंबू सरबत आहे, डॉमिनोचा डाव रंगलाय. एवढ्यात सासरे म्हणाले, चला, ॲबिलीनला जाऊन जेवून येऊ. ॲबिलीन ५३ मैलांवर, म्हणजे ८५ किलोमीटर. गाडी १९५८ ची ब्यूक, वातानुकूलन नसलेली. बायको म्हणाली, छान कल्पना आहे. जेरी म्हणाले, मलाही चालेल, सासूबाईंना यायचं असेल तर. सासूबाई म्हणाल्या, मला का नको असेल, कितीतरी दिवसांत गेले नाही मी तिकडे.

चार तासांनी चौघं घामाने आणि धुळीने माखून परतले. जेवण बेचव होतं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग सासूबाईंनी तोंड उघडलं: खरं सांगायचं तर मला जायचंच नव्हतं, तुम्ही तिघं एवढे उत्साहात होतात म्हणून आले. मग एकेकाचं बाहेर पडलं. जेरींना जायचं नव्हतं. बायकोला जायचं नव्हतं. आणि सासरे म्हणाले, मलाही जायचं नव्हतं, तुम्ही कंटाळला असाल म्हणून मी नुसतं विचारलं. चार शहाणी माणसं, एकालाही नको असलेल्या प्रवासाला, स्वखुशीने, भर उन्हात १७० किलोमीटर जाऊन आली. हार्वींनी याला ॲबिलीनचा विरोधाभास म्हटलं. त्यांचं म्हणणं असं, की संस्था आणि कुटुंबं भांडणांपेक्षा अशा खोट्या एकमतांनी जास्त गोत्यात येतात.

इथे एक कल्पना करून पाहावी. समजा त्या दुपारी ती जुनी ब्यूक सुरूच झाली नसती. चौघांनी ‘अरेरे’ म्हटलं असतं, चौघं मनातून खूश झाले असते, पंख्याखाली परत डाव मांडला असता. आणि चौघांपैकी एकालाही कधी कळलं नसतं, की बाकीचे तिघंही सुटले आहेत. न मिळालेल्या संधीची सुटका बहुतेक वेळा अशीच असते. ती गुपचूप असते म्हणून दुर्मिळ वाटते. प्रत्यक्षात ती किती घरांत, किती कचेऱ्यांत एकाच वेळी चालू असेल, याला मोजमाप नाही.

आपल्याकडे तर या बंद पडलेल्या ब्यूकची रीतसर व्यवस्थाच करून ठेवलेली आहे. तिचं नाव पत्रिका. बघण्याचा कार्यक्रम होतो, कांदेपोह्यांच्या बशा आत जातात, ‘कळवतो’ म्हणून मंडळी उठतात. चार दिवसांनी तिन्हीसांजेला फोन येतो. आई ओल्या हातानेच तो घेते. ‘बरं… बरं… असू दे हो, त्याला काय इलाज,’ एवढंच ऐकू येतं. आत ओट्यापाशी कोथिंबीर निवडत बसलेल्या मुलीचा हात थांबतो. आई फोन ठेवून सांगते: एकनाड निघाली म्हणे. हात पुन्हा चालू लागतो, जरा भराभर. स्थळ चांगलं होतं, सगळे म्हणत होते. नाही म्हणायला कारण नव्हतं. नको वाटतंय, एवढंच होतं, आणि ‘नको वाटतंय’ हे त्या घरात कारण म्हणून चालत नव्हतं.

गुणमेलनाचं गणित ३६ गुणांचं. १८ जुळले तरी पुढे जाता येतं. त्यात नाडीचे एकटीचे आठ. ज्योतिष खरं की खोटं हा वेगळा वाद. पण समाजातलं पत्रिकेचं एक काम फार जुनं आणि फार उपयोगी आहे. ती ज्याचा कुणी धनी नाही असा नकार पुरवते. मुलगा नाही म्हणाला नाही, मुलगी नाही म्हणाली नाही, व्याही होऊ घातलेल्यांचा अपमान झाला नाही, मध्यस्थ मामांचं तोंड खाली गेलं नाही. ग्रह नाही म्हणाले. जुळत असलेली पत्रिका ‘जुळत नाही’ असं कळवण्याची पद्धत सर्वश्रुत आहे, आणि समोरच्यालाही ती कळते. तरी दोन्हीकडे हायसं वाटायची शक्यता ती उघडी ठेवते. ज्यांना असा आयता नकार मिळत नाही त्यांचं काय होतं, तेही आपल्या परंपरेत आहे. जांब गावचा नारायण बोहल्यावर उभा होता, ‘सावधान’ शब्द कानी पडला आणि तो मांडवातून पळाला, ही समर्थ रामदासांची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. नको असलेलं गळ्यात पडू लागलं तर पळायला फार मोठं बळ लागतं. सगळ्यांपाशी ते नसतं.

बायकांपाशी तर ते असूच नये अशी व्यवस्था अजून टिकून आहे. अमेरिकेतल्या चार संशोधक स्त्रियांनी, लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २०१७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन-तीन अनोळखी माणसांचे गट, संगणकापुढे बसलेले. दोन मिनिटांत तिघांपैकी कुणीतरी एकाने बटण दाबायचं. कुणीच दाबलं नाही तर प्रत्येकाला एक डॉलर. कुणी दाबलं तर दाबणाऱ्याला सव्वा डॉलर आणि न दाबणाऱ्या दोघांना दोन-दोन. म्हणजे काम व्हायला हवं, पण ते आपल्यावर यायला नको. घड्याळ सरकत राहतं आणि शेवटच्या सेकंदांत कुणीतरी दाबतं. स्त्री-पुरुष मिसळलेल्या गटांत बटण दाबायला स्त्रिया पुरुषांपेक्षा ४८ टक्के जास्त पुढे आल्या. गट फक्त स्त्रियांचे किंवा फक्त पुरुषांचे केले, तेव्हा हा फरक उरला नाही. याचा अर्थ स्त्रियांना ती कामं मुळात आवडतात असं नाही. त्या दाबतील असं सगळ्यांनी, त्यांनी स्वतःही, धरलेलं असतं.

ऑफिसांत या बटणाची नावं वेगळी असतात: स्नेहसंमेलनाची समिती, निरोप समारंभ, अहवालाचं टिपण. आणि ती जवळजवळ नेहमी ‘तुमच्यासाठी चांगली संधी आहे’ या शब्दांत समोर येतात. ज्या बाईला अशी एखादी ‘संधी’ यंदा मिळत नाही, ती संध्याकाळी वेळेवर निघून लोकल पकडते आणि खिडकीपाशी बसून तो सुस्कारा टाकते. तिच्या त्या सुस्काऱ्याला आळस म्हणणाऱ्यांनी आधी ते दोन मिनिटांचं घड्याळ स्वतःपुढे ठेवून पाहावं.

शहरांनाही असं वाटतं. १९७६ च्या हिवाळी ऑलिंपिकचा मान १९७० मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरला मिळाला होता. पुढारी, उद्योजक, वर्तमानपत्रं खूश. पण खर्चाचे आकडे आणि डोंगरांचं काय होणार याची काळजी वाढत गेली, आणि नोव्हेंबर १९७२ मध्ये कोलोरॅडो राज्याच्या मतदारांनी सरकारी पैसा द्यायला मतपेटीतून नकार दिला. विरोधाच्या आघाडीवर असलेले तरुण आमदार रिचर्ड लॅम दोनच वर्षांनी राज्याचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. खेळ ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला गेले. त्याच वर्षीचं उन्हाळी ऑलिंपिक कॅनडात माँट्रियलला झालं, आणि त्याचं कर्ज फिटायला २००६ साल उजाडलं. तीस वर्षं! मिळालेली संधी आणि हुकलेली संधी इतक्या जवळ ठेवून पाहायला फार क्वचित मिळते.

पण इथे एक शंका घ्यायलाच हवी. हे सगळं कोल्ह्याच्या द्राक्षांसारखं नाही ना? मिळाली नाहीत म्हणून आंबट? मनाला ती सवय आहेच. डॅनियल गिल्बर्ट आणि टिमथी विल्सन यांनी सहकाऱ्यांसह १९९८ मध्ये जे संशोधन प्रसिद्ध केलं, त्यात टेक्सास विद्यापीठातले तरुण प्राध्यापक होते. कायम नोकरी मिळाली नाही तर किती वाईट वाटेल, याचा त्यांनी बांधलेला अंदाज एकीकडे आणि ज्यांना ती खरोखर नाकारली गेली त्यांची नंतरची मनःस्थिती दुसरीकडे. अंदाज फारच काळे निघाले. नाकारले गेलेले लोक त्या मानाने बरे होते. मनालाही एक प्रतिकारशक्ती असते, असं हे संशोधक सांगतात. ती जखमेवर कारणांची खपली धरते: बरं झालं, नाहीतरी तिथलं राजकारण वाईट होतं.

ही खपली आणि खरी सुटका यांत फरक आहे, आणि तो वेळेचा आहे. कोल्ह्याने आधी उड्या मारल्या होत्या. त्याला द्राक्षं हवी होती. आंबटपणाचा शोध उड्या फसल्यानंतरचा. खपली धरायला दिवस लागतात, ‘हुश्श’ला सेकंदही लागत नाही. कारण सुचायच्या आधी जो श्वास सुटतो, त्याच्यावर जास्त विश्वास ठेवायला हरकत नाही. अर्थात तो श्वासही कधी फसवतो. वक्तृत्व स्पर्धेत नाव आलं नाही म्हणून मुलगा सुटकेने उड्या मारतो, तेव्हा त्याला बोलायचं नसतं असं नाही, त्याला भीती वाटत असते. भीतीतून आलेली सुटका संध्याकाळपर्यंत विटते. दुसऱ्या दिवशी व्यासपीठावर उभ्या राहिलेल्या मित्राकडे पाहताना घशात काहीतरी अडकतं. नको असलेल्या गोष्टीच्या सुटकेत हे होत नाही. ज्याला ती जागा मिळाली त्याचे पेढे गोड लागतात, आणि त्याच्या नव्या खुर्चीत आपण असतो तर, असं एकदाही मनात येत नाही.

अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांनी एक वेगळीच युक्ती केली. नोकरी सोडू का, नातं तोडू का, अशा कात्रीत सापडलेल्यांसाठी त्यांनी २०१३ मध्ये इंटरनेटवर नाणेफेक ठेवली. वर्षभरात २० हजारांहून जास्त नाणी उडाली. छापा पडला तर बदल करा, काटा पडला तर आहे तसं चालू द्या. छापा पडलेल्यांनी बदल जास्त प्रमाणात केले, आणि मोठे बदल केलेले लोक सहा महिन्यांनी जास्त समाधानी असल्याचं सांगत होते. नाणं काही शहाणं नसतं. पण धनी नसलेला कौल तेही देतं, पत्रिकेसारखा. जे करायचं मनात होतं त्याला परवानगी मिळते. जे नको होतं त्याला ‘नाण्यानेच नाही सांगितलं’ म्हणता येतं.

नाण्याचा विषय निघाला की क्रिकेट आठवतंच. भारताचं कर्णधारपद म्हणजे या देशातल्या सर्वांत मोठ्या संधींपैकी एक. सचिन तेंडुलकरने २५ कसोटींत ते सांभाळलं. विजय चार, पराभव नऊ. २००७ मध्ये राहुल द्रविड इंग्लंडमध्ये मालिका जिंकून परतला आणि त्याने कर्णधारपद सोडलं. त्याचा फलंदाजीवर परिणाम होतोय, असं त्याचं म्हणणं होतं. तेव्हा मंडळाचे अध्यक्ष असलेल्या शरद पवारांनी पुढे सांगितलं आहे, की त्यांनी तेंडुलकरला विचारलं, त्याने नकार दिला आणि महेंद्रसिंग धोनीचं नाव सुचवलं. नको म्हणताना दुसऱ्याचं नाव पुढे करणं, तेही इतकं नेमकं, ही त्या प्रसंगातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. त्याला पद नको होतं. पदाचं काय व्हावं याची मात्र पूर्ण आस्था होती.

काहींना आयता नकार मिळतच नाही. ज्याँ-पॉल सार्त्र यांना १९६४ मध्ये कुणकुण लागली, की यंदाचं साहित्याचं नोबेल आपल्याकडे येतंय. त्यांनी ऑक्टोबरच्या मध्यावर स्वीडिश अकादमीला पत्र लिहून विनंती केली, की माझा विचार करू नका. पन्नास वर्षांनी दप्तर खुलं झालं तेव्हा दिसलं, की पत्र पोचेपर्यंत समितीचा निर्णय होऊन गेला होता. २२ ऑक्टोबरला नाव जाहीर झालं. मग जे टाळायचं होतं तेच करावं लागलं. जाहीर नकार, २,७३,००० क्रोनरवर पाणी, आणि जगभरातल्या वार्ताहरांचा ससेमिरा. पत्र थोडं आधी पोचलं असतं, तर पॅरिसमध्ये एक माणूस कुणाच्या नकळत नुसता सुटला असता.

आणि ज्याला नको असलेलं मिळतंच, त्याची गोष्ट इटलीतली आहे. १२९२ मध्ये पोप चौथे निकोलस वारले. पुढचा पोप कोण, यावर कार्डिनलांचं दोन वर्षं एकमत होईना. डोंगरातल्या गुहेत राहणाऱ्या पिएत्रो नावाच्या म्हाताऱ्या संन्याशाने त्यांना खरमरीत पत्र लिहिलं, की हा उशीर देवाला आवडणार नाही. कार्डिनलांनी ५ जुलै १२९४ रोजी त्यालाच पोप निवडलं. लाक्विला शहरात त्याचा अभिषेक झाला, पाचवे सेलेस्टाइन हे नाव मिळालं. कारभारातलं त्याला काही कळत नव्हतं. नेपल्सच्या राजवाड्यात त्याने आपल्यासाठी लाकडी खोपटं बांधून घेतलं आणि त्यात प्रार्थना करत बसू लागला. पाच महिन्यांनी, १३ डिसेंबरला, त्याने पद सोडलं. पण त्याला डोंगरात परत जाऊ दिलं नाही. पुढच्या पोपने त्याला फुमोने किल्ल्यात ठेवलं, तिथेच १२९६ मध्ये तो वारला.

एप्रिल २००५ मध्ये पोप निवडून आल्यावर सोळावे बेनेडिक्ट जर्मनीहून आलेल्या यात्रेकरूंशी बोलले. मतमोजणी आपल्या दिशेने सरकताना गिलोटिनचं पातं मानेवर येतंय असं वाटलं, आणि माझ्या वाट्याला हे देऊ नकोस अशी देवाची विनवणी केली, असं त्यांनी सांगितलं. चार वर्षांनी लाक्विलात भूकंप झाला. त्या महिन्याच्या अखेरीस बेनेडिक्ट तिथे गेले, पडझड झालेल्या कोलेमॅज्जोच्या चर्चमध्ये शिरले आणि सेलेस्टाइन यांच्या काचेच्या शवपेटीवर त्यांनी आपला लोकरीचा पट्टा काढून ठेवला. पोपपदाची सूत्रं हाती घेताना गळ्यात घातलेला तोच हा पट्टा. तेव्हा त्याचा अर्थ फार कुणी लावला नाही. ११ फेब्रुवारी २०१३ रोजी बेनेडिक्ट यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं.